सदतीस सेकंदांची थकबाकी

आमच्या कोडोलीकडून वारणा ओलांडली की सांगली जिल्हा लागतो. मुरलीकांत पेटकर तिथल्याच पेठ गावचे. लष्करात ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे बळ गेले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ साली जर्मनीत, हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये, त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवले.

त्या वर्षी ऑलिंपिक म्युनिकला होते. मग या स्पर्धा दुसऱ्या गावात का? म्युनिकच्या क्रीडाग्रामातील घरे ऑलिंपिकनंतर लोकांना राहायला द्यायची ठरले होते. अपंग खेळाडूंसाठी तिथे जागा उरली नाही!

इथेही तेच झाले. १९८२ साली पेटकरांनी अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज नाकारला गेला. २००८ मध्ये अभिनव बिंद्राने ऑलिंपिकमधील देशाचे पहिले वैयक्तिक सुवर्ण जिंकले, गावोगावी पेढे वाटले गेले. ते योग्यच होते. पण छत्तीस वर्षांपूर्वी एका भारतीयाने पॅरालिंपिकमध्ये एकट्याच्या बळावर सुवर्ण आणले होते, हे किती जणांना ठाऊक होते? पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले. अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये हाती आला, तेव्हा पेटकरांनी ऐंशी ओलांडली होती.

पैशांचा हिशेब मात्र सुधारतो आहे. २०१६ च्या रिओ स्पर्धांसाठी केंद्र सरकारने दोन्हीकडच्या सुवर्णाला सारखेच ७५ लाख रुपये ठेवले. श्रीमंत अमेरिकेत २०१८ पर्यंत ऑलिंपिक सुवर्णाला ३७,५०० डॉलर आणि पॅरालिंपिक सुवर्णाला ७,५०० डॉलर मिळत. त्यानंतर ती रक्कम समान झाली.

आपल्या भागात ऊस कारखान्यावर गेला की १४ दिवसांत बिल द्यावे, उशीर झाल्यास व्याज द्यावे, असा कायदा आहे. घामाचा मोबदला वेळेवर मिळणे हाही न्यायाचाच भाग, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. समान बक्षीस पुढच्या खेळाडूंना मिळेल. मागची थकबाकी मात्र पैशाने फिटणारी नाही. ती फेडायची तर शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या वहीत बिंद्राच्या नावाआधी १९७२ हे साल आणि पेटकर हे नाव लिहिले गेले पाहिजे.