तहज्जुद

तहज्जुद : इस्लाम धर्मातील, रात्री झोपेतून उठून करावयाची ऐच्छिक नमाज. रात्रीची अनिवार्य नमाज (इशा) आणि पहाटेची अनिवार्य नमाज (फज्र) यांच्या दरम्यान तिचा काळ येतो व रात्रीचा शेवटचा तृतीयांश त्यासाठी सर्वोत्तम मानला जातो. ‘तहज्जुद’ ही संज्ञा ज्या अरबी धातूपासून सिद्ध झाली, त्याला ‘झोपणे’ आणि ‘झोप मोडून जागणे’ असे परस्परविरोधी अर्थ आहेत. दोन-दोन रकातींनी ही नमाज पढतात आणि शेवटी वित्र ही विषम संख्येच्या रकातींची नमाज जोडतात. तिच्यासाठी अजान होत नाही व मशिदीत जाण्याचे बंधनही नाही. इतरांच्या नजरेआड केलेली उपासना हेच तिचे मूळ स्वरूप होय; तथापि तिचा इतिहास बराचसा या एकांताभोवती झालेल्या वादांचाच आहे.

रात्रीची उपासना अरबस्तानाला अपरिचित नव्हती. इस्लामपूर्व अरबी काव्यात ख्रिस्ती संन्याशाच्या, रात्री दुरून दिसणाऱ्या दिव्याचे उल्लेख येतात. कुराणाच्या ७३ व्या अध्यायाच्या आरंभी मुहंमद पैगंबरांना अर्धी रात्र किंवा त्याहून थोडा कमी-अधिक काळ उभे राहून कुराणपठण करण्याचा आदेश आहे. त्याच अध्यायाच्या शेवटच्या, म्हणजे विसाव्या आयतीत मात्र हा भार हलका केलेला दिसतो. काही लोक आजारी असतील, काही उपजीविकेसाठी प्रवासात तर काही लढाईवर असतील. म्हणून जमेल तेवढेच पठण करावे, असे तेथे म्हटले आहे. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्या नावे असलेल्या हदीसनुसार या दोन आदेशांमध्ये बारा महिन्यांचे अंतर होते आणि तेवढ्या काळात अनुयायांचे पाय उभे राहून सुजत असत. पुढे १७ व्या अध्यायाच्या ७९ व्या आयतीत या नमाजेचा पैगंबरांसाठीचे अधिकचे कर्म म्हणून निर्देश येतो.

अतिरेकाला आवर घालणाऱ्या कथा हदीससंग्रहांत बऱ्याच आहेत. मदीनेच्या मशिदीत दोन खांबांच्या मध्ये एक दोर बांधलेला पैगंबरांना दिसला. त्यांची पत्नी झैनब रात्री थकल्यावर त्याचा आधार घेते, असे कळताच त्यांनी तो सोडवला आणि अंगात उत्साह असेल तोवरच नमाज पढावी, थकल्यावर बसावे, असे सांगितले. अब्दुल्ला इब्न अम्र हा तरुण अनुयायी रात्रभर जागत असे. शरीराचा, डोळ्यांचा आणि पत्नीचाही माणसावर हक्क असतो, याची पैगंबरांनी त्याला जाणीव करून दिली.

सामूहिक रात्रप्रार्थनेचा प्रश्न प्रथम रमजान महिन्यात उपस्थित झाला. पैगंबर काही रात्री मशिदीत नमाज पढू लागले, तेव्हा त्यांच्यामागे वाढता समुदाय जमू लागला. ही नमाज सक्तीची ठरेल, या भीतीने त्यांनी पुढे बाहेर येणे थांबविले. दुसरे खलीफा उमर (कार. ६३४–६४४) यांनी मशिदीत विखुरलेल्या लहानमोठ्या गटांना उबय्य इब्न कअब या कुराणपाठकाच्या मागे एकत्र आणले व या प्रथेला ‘चांगला नवाचार’ म्हटले; मात्र लोक ज्या वेळी झोपतात, ती रात्रीची उत्तरवेळ अधिक श्रेष्ठ असल्याचेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. हीच तरावीहची नमाज होय. तिच्या रकाती वीस की आठ, हा वाद अद्याप मिटलेला नाही. शिया पंथीय तरावीहची सामूहिक नमाज मानत नाहीत. इस्ना अशरी शिया अकरा रकातींची रात्रनमाज एकट्यानेच पढतात.

सूफी परंपरेत तहज्जुदला साधनेचा कणा मानले गेले. बसऱ्याची राबिया (मृ. ८०१) हिच्याविषयीच्या आख्यायिका बहुतांशी रात्रीच्याच आहेत. इब्न अबी अद्-दुन्या (मृ. ८९४) याने या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तर अल्-गझाली (१०५८–११११) याच्या इह्या उलूम अद्-दीन या चाळीस भागांच्या ग्रंथाचा दहावा भाग नित्यजप व रात्रजागर यांना वाहिलेला आहे.

एकट्याची उपासना सार्वजनिक कशी होते, याचे एक बोलके वर्णन अंदलूसी पंडित अत्-तुर्तूशी (१०५९–११२६) याने नोंदवून ठेवले आहे. इ. स. १०५६ च्या सुमारास नाबलूसचा एक सुस्वर कुराणपाठक जेरूसलेमच्या अल्-अक्सा मशिदीत शाबान महिन्याच्या मध्यरात्री, म्हणजे पंधरावीच्या रात्री, नमाजेला उभा राहिला. त्याच्यामागे एक जण येऊन उभा राहिला, मग दुसरा, मग तिसरा. नमाज संपली तेव्हा मोठा जमाव झाला होता. पुढच्या वर्षी गर्दी वाढली व हळूहळू ही प्रथा मशिदींत आणि घराघरांत पसरली. रजब महिन्यातील ‘रगाइब’ नावाची बारा रकातींची नमाजही त्याच शतकाच्या उत्तरार्धात जेरूसलेमला सुरू झाली. तेराव्या शतकात दमास्कसमध्ये तिच्यावरून इब्न अब्द अस्-सलाम (मृ. १२६२) व इब्न अस्-सलाह (मृ. १२४५) या दोन शाफिई पंडितांत कडाक्याचा वाद झाला. तिला शास्त्राधार नाही, असे पहिल्याचे म्हणणे. तर निदान या निमित्ताने लोक रात्री प्रार्थना करतात, ती का मोडावी, असा दुसऱ्याचा पक्ष. दोन्ही बाजू समजण्याजोग्या आहेत, परंतु शास्त्रकारांचे मत उत्तरोत्तर पहिल्याच्याच बाजूने झुकत गेले.

या जागरणाचा एक ऐहिक परिणामही जगाने पाहिला. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफींनी रात्रीच्या जिक्रसाठी झोप टाळण्यास कॉफीचा वापर केला. सोळाव्या शतकाच्या आरंभी कैरोतील अल्-अझहरच्या परिसरात येमेनी सूफी ठराविक रात्री तांबड्या मातीच्या मोठ्या भांड्यातून ती वाटून घेत. १५११ मध्ये मक्केत कॉफीवर बंदी आली, पण ती फार काळ टिकली नाही. तोवर हे पेय उपासनागृहातून बाजारात पोहोचले होते.

भारतात चिश्ती सूफींनी तहज्जुदचा एकांत जपला. निजामुद्दीन अवलिया (मृ. १३२५) इशानंतर आपल्या खोलीत जात. तेथे अमीर खुसरौशी काही वेळ गप्पा होत, सेवक वुजूसाठी पाण्याची भांडी ठेवी व नंतर दार आतून बंद होई. सकाळी जागरणाने लाल झालेले डोळे तेवढे लोकांना दिसत, असे सियर-उल्-औलिया या चरित्रग्रंथात वर्णन आहे. त्यांची संभाषणे फवाइद-उल्-फुआदमध्ये नोंदविणारा अमीर हसन सिज्जी पुढे दौलताबादेस आला. त्याची कबर खुलदाबाद येथे आहे.

आधुनिक काळात मक्का व मदीना येथील मशिदींत रमजानच्या अखेरच्या दहा रात्री, तरावीहनंतर, उत्तररात्रीची नमाजही सामूहिक रीतीने होते व दूरचित्रवाणीवरून तिचे प्रक्षेपण केले जाते. २०२० च्या रमजानात कोविड साथीमुळे या मशिदी सर्वसामान्य उपासकांस बंद होत्या. भारतातही टाळेबंदीमुळे तरावीह घरोघरीच पढली गेली.