तुपाचा डबा आणि मेघना नदी

आमच्या आसगावात जुलैमध्ये ट्रॅक्टर फसतो. दरवर्षी कुणाचा ना कुणाचा तरी. पवनी तालुक्यातला हा चौरास भाग म्हणजे सपाट, धानाची जमीन. रोवणीआधी बांधीत पाणी साठवून चिखल करतात. ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावलेलं असतं, तरी एखादी मऊ जागा लागतेच. चाक नुसतं फिरत राहतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी खाली बसत जातो. मग दुसरा ट्रॅक्टर, साखळी, आणि धुऱ्यावर उभे राहून सल्ले देणारे दहा जण. लहानपणी मीही त्या दहांत असायचो.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये 'पिप्पा' हा सिनेमा ओटीटीवर आला. रहमानच्या चालीवरून वाद झाला, तो बहुतेकांना आठवत असेल. मी तो पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत फोनवर पाहिला आणि दुसऱ्याच गोष्टीत अडकलो. सिनेमातली लढाई १९७१ ची, पूर्व बंगालमधली. म्हणजे धानाचा, चिखलाचा, नद्यांचा देश. आमच्या चौरासचाच मोठा भाऊ. दोन टनांचा ट्रॅक्टर जिथे फसतो, तिथे चौदा टनांचा रणगाडा चालला कसा? दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला असा प्रश्न पडला की त्याची रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा.

त्या रणगाड्याचं नाव पीटी-७६. 'पीटी' म्हणजे रशियन भाषेत 'प्लावायुश्ची टँक', तरंगणारा रणगाडा. आपल्या 'प्लवन' शब्दाचा हा दूरचा नातेवाईक. ७६ म्हणजे तोफेच्या नळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. चिखलाचं उत्तर सोपं निघालं. वजन किती आहे यापेक्षा ते किती जागेवर पसरलंय हे महत्त्वाचं. पीटी-७६ चे दोन लांब पट्टे त्याचं वजन इतकं पसरवतात की जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलोचाच दाब पडतो. चालताना एका पायावर भार आला की माणसाचा दाबही जवळपास तेवढाच होतो. म्हणजे जिथून माणूस धडपणे चालत जाईल, तिथून बहुधा हाही जाईल.

तरंगण्याचं गणित त्याहून मजेशीर आहे. आर्किमिडीज शाळेत सगळ्यांनीच पाठ केलाय. १४ टनांची वस्तू तरंगायची तर तिने १४ घनमीटर पाणी बाजूला सारायला हवं. पीटी-७६ चा सांगाडा सुमारे ६.९ मीटर लांब आणि ३.१ मीटर रुंद. ढोबळ भागाकार केला तर तो पाण्यात ६५ सेंटिमीटर बुडतो. पुढचा भाग निमुळता असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त, पण तरी वरचा भाग कोरडा राहतो. आता हाच हिशोब त्या काळच्या टी-५५ चा करा. सांगाडा जवळपास तेवढाच, वजन ३६ टन. उत्तर येतं पावणेदोन मीटरच्या आसपास, आणि त्याच्या सांगाड्याची उंचीच तेवढी नाही. तो तळाला जाणार.

मग पीटी-७६ च्या वजनातले २२ टन कुठे गेले? चिलखतातून गेले. टी-५५ च्या बुरुजाला पुढून २०० मिलिमीटर जाडीचं पोलाद होतं, पीटी-७६ ला कुठेच २० मिलिमीटरच्या फार पुढे नाही. आतल्या तीन माणसांना जड मशीनगनच्या गोळीचीही चिंता करावी लागे. तरंगण्याची किंमत ही अशी मोजलेली असते. आमच्या धंद्यात याला ट्रेडऑफ म्हणतात, आणि तिथे तो चुकला तर फार तर सर्व्हर बंद पडतो.

जवानांनी या गाडीला 'पिप्पा' नाव दिलं, पंजाबीत तुपाचा डबा. तरंगतो म्हणून कौतुकाने दिलेलं नाव, पण मला त्यात पत्र्याच्या जाडीवरचा शेराही ऐकू येतो. मराठीतलं 'पिंप' आणि हिंदीतलं 'पीपा' हेही त्याच घरातले. मूळ शब्द पोर्तुगीज, 'पिपा', म्हणजे दारूचं लाकडी पिंप.

आणि पोर्तुगीजांकडून आपल्या सैन्याला नुसता शब्दच नाही, नदीचा एक धडाही मिळाला होता. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्याची कारवाई सुरू झाली. आकाशात अडचण नव्हती. पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, बेळगावच्या सांबऱ्याहून गेलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र. जमिनीवर मात्र माघार घेणारे पोर्तुगीज पूल उडवत गेले. संध्याकाळी आपल्या सैन्याचं टोक बेतीला पोचलं, समोर मांडवी आणि पलीकडे पणजीचे दिवे. मध्ये पाचशे मीटर पाणी. रणगाडे हलके होते, पण तरंगणारे नव्हते. रात्र अलीकडच्या काठावर गेली आणि सैन्य सकाळी होड्यांतून पलीकडे गेलं. त्याच दिवशी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर बोटींतून उतरताना ७ नौसैनिक मारले गेले. गोवा आपण ज्या सहजतेने 'छत्तीस तासांत जिंकलं' म्हणतो, तेव्हा हे सात जण त्या वाक्यात बसत नाहीत.

दहा वर्षांनी पूर्व बंगालमध्ये समोर मांडवीच्या कैक पट मोठ्या नद्या होत्या. पण आता हाताशी पिप्पा होता. युद्ध जाहीर होण्याच्याही आधी, २१ नोव्हेंबर १९७१ च्या पहाटे, गरीबपूर नावाच्या गावात त्याची परीक्षा झाली. १४ पंजाब ही पलटण आणि ४५ कॅव्हलरीचा एक स्क्वाड्रन, चौदा पीटी-७६, रात्रीतून तिथे जाऊन बसले होते. दाट धुक्यात पाकिस्तानचे चाफी रणगाडे चालून आले. चाफी अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धातला, पण चिलखत पीटी-७६ पेक्षा जाड. उघड्यावर गाठ पडती तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. आपले रणगाडे आणि पायदळाच्या रणगाडाविरोधी तोफा आधीच दबा धरून बसल्या होत्या. धुक्यामुळे मारामारी अगदी जवळून झाली, आणि जवळून मारायचं असेल तर दोन्हीकडचं चिलखत सारखंच निरुपयोगी. पाकिस्तानचा तो स्क्वाड्रन जवळजवळ संपला.

स्क्वाड्रनचे प्रमुख मेजर दलजितसिंग नारग झाकण उघडून, वर उभे राहून लढाई चालवत होते. धुक्यात आतल्या छोट्या भिंगांतून काही दिसणं शक्यच नव्हतं. तिथेच त्यांना गोळ्या लागल्या. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. मी हे वाचलं तेव्हा मघाचं २० मिलिमीटरचं गणित एकदम फिकं पडलं. दिसावं म्हणून माणूस ते २० मिलिमीटरही सोडून बाहेर आला होता.

नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे चाफी उभा आहे. मी बोटाने टकटक करून पाहिलं. फोटोत वाटतो त्यापेक्षा तो लहान आहे, एखाद्या मोठ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीएवढा. तिथे आलेली पोरं पॅटनसमोर सेल्फी काढतात, चाफीकडे फारसं कुणी थांबत नाही.

सिनेमा गरीबपूरला संपतो, खरी नदी पुढे होती. जनरल सगतसिंग यांचं सैन्य मेघनेच्या पूर्व काठावर आशुगंजला पोचलं, आणि ९ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने तिथला भैरव बाजारचा रेल्वेपूल उडवला. मांडवीचाच प्रसंग, फक्त पात्र अफाट. सगतसिंग गोव्यात मांडवीकाठी येऊन थांबलेल्या पॅराशूट ब्रिगेडचेच प्रमुख होते, हा योगायोग मला कुठल्याही सिनेमापेक्षा भारी वाटतो. बेतीची ती रात्र त्यांना आठवली असेल का, हे विचारायला आता उशीर झालाय.

या वेळी ते काठावर थांबले नाहीत. हवाई दलाची मी-४ हेलिकॉप्टरं होती, पिस्टन इंजिनाची, एका खेपेत जेमतेम चौदा-पंधरा सैनिक नेणारी. ९ डिसेंबरपासून त्यांनी ४ गार्ड्सच्या पलटणीला नदीपलीकडे रायपुऱ्याला उतरवायला सुरुवात केली. दिवसा तर केलंच, रात्रीही, खाली हातबॅटऱ्यांनी दाखवलेल्या जागेवर. लष्करी इतिहासात याला 'मेघना हेली ब्रिज' म्हणतात. आणि पिप्पा? तो पाण्यात उतरला खरा, पण इतकं रुंद पात्र पोहून जाण्यासाठी तो बनवलेलाच नव्हता. इंजिनं तापू लागली. गावकऱ्यांच्या नावांनी रणगाडे ओढत न्यावे लागले. तोफा आणि दारूगोळाही अशाच नावांतून पलीकडे गेला.

माझ्या मते या सगळ्या कथेतलं सगळ्यात खरं चित्र हेच आहे. सोव्हिएत इंजिनिअरांनी डिझाइन केलेला, पाण्याचे दोन झोत मागे सोडत जाणारा रणगाडा, आणि त्याला दोर बांधून ओढणारी लाकडी नाव. सिनेमात हे घेतलं असतं तर पिप्पाची शान थोडी कमी झाली असती, म्हणून घेतलं नसावं.

दुसरं चित्र इतकं सुखाचं नाही. डिसेंबरच्या मध्यात, ढाका पडण्याच्या बेतात असताना, पाकिस्तानी सैनिकांनी ब्रह्मदेशात निसटू नये म्हणून कॉक्स बाजारजवळच्या किनाऱ्यावर समुद्रातून सैन्य उतरवायचं ठरलं. स्वतंत्र भारताचा असा पहिला मोठा प्रयत्न. आकाशाची बाजू पक्की होती, विक्रांतवरची सी हॉक विमानं आठवडाभर त्या भागावर हल्ले करत होती. (हीच ती विक्रांत, जी पुढे मुंबईत संग्रहालय होती, २०१४ मध्ये तोडली गेली आणि जिचं पोलाद बजाजच्या एका मोटरसायकलमध्ये आलं.) घडियाल आणि गुलदार ही दोन उतरणीची जहाजं गुरखा जवानांना घेऊन किनाऱ्याला लागली. निदान तसं वाटलं. जहाजाचा नाकाडा वाळूला टेकला, समोरचा दरवाजा उघडला, जवान उतरले. पण ती किनाऱ्याची वाळू नव्हती. पाण्याखालचा एक उंचवटा होता, आणि त्याच्या नि किनाऱ्याच्या मध्ये पुन्हा खोल पाणी. डोंगराळ भागातली, पोहता न येणारी ती पोरं पाठीवरच्या ओझ्यासकट त्यात गेली. काही जण बुडाले. उतरणं थांबवावं लागलं. पलीकडे गोळी झाडायला शत्रूही नव्हता.

आज आपल्याकडे यासाठी बरंच काही आहे. २००७ साली अमेरिकेकडून घेतलेलं जलाश्व हे जहाज मागचा दरवाजा उघडून पोटात पाणी भरून घेतं आणि आतून लहान बोटी बाहेर सोडतं. बीएमपी-२ या चिलखती गाड्या पाण्यात पोहतात आणि त्यांच्यावर काम करणाऱ्या मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र अहिल्यानगरलाच आहे. तिथल्याच व्हीआरडीई या संस्थेने टाटांबरोबर आठ चाकांची एक पोहणारी गाडी बनवली आहे. भंडाऱ्यात आम्हाला सैन्य म्हटलं की जवाहरनगरचा दारूगोळा कारखानाच आठवतो, त्यामुळे राज्याच्या दुसऱ्या टोकाला गाड्या पोहायला शिकतायत याचं मला उगाच कौतुक आहे.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा मी लॉकडाऊनमुळे गावीच होतो, लॅपटॉप घेऊन. नदीकाठच्या मामाच्या गावात पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी बचाव पथकाची रबरी बोट आली, मागे मोटर, सगळ्यांच्या अंगात नारिंगी जॅकेटं. गावातल्या एका म्हाताऱ्या ढिवर काकाजींना त्यांनी पुढे बसवलं. काकाजींनी जॅकेट घालायला नकार दिला. हातात एक लांब बांबू तेवढा घेतला. पाण्याखाली कुठे तारेचं कुंपण आहे, कुठे विहीर, कुठून बोडीचा उतार सुरू होतो, हे ते बांबू खाली घालून बघत आणि मागच्याला हात करत.

एका जागी बोट चालवणाऱ्या जवानाला वाटलं की जमीन लागली. तो पाय बाहेर टाकणार तेवढ्यात काकाजी म्हणाले, "थांब बापू. आंदी काठीले इचारू दे."

बांबू अर्ध्याहून जास्त आत गेला.