'फकिरा'कडे जाणारी वाट सिनेमावरून गेली तरी चालेल

१ ऑगस्ट जवळ आला की आपल्या वस्त्यांत बॅनर लागतात. मध्ये अण्णा भाऊ साठे, खाली कार्यकर्त्यांचे फोटो, रात्री मिरवणूक. 'फकिरा' हे नाव तर सगळ्यांनाच पाठ आहे. पण मिरवणुकीत नाचणाऱ्यांपैकी किती जणांनी ती कादंबरी उघडली आहे? हे आम्ही कुणाला हिणवण्यासाठी विचारत नाही. "मोबाइलमध्ये बुडालेली पोरं काय वाचणार?" असे म्हणून हात झटकणाऱ्यांना मात्र आम्हाला थोडा इतिहास सांगायचा आहे.

अण्णा भाऊ शाळेत गेले ते दीड दिवस. वाटेगावहून मुंबईला आलेल्या या मुलाने दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचत अक्षरे ओळखली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे ज्या सिनेमाला आज आपण वाचनाचा शत्रू ठरवतो, त्याच्याच भिंतीवरच्या कागदांनी मराठीला एक मोठा कादंबरीकार दिला.

पुढे १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशावर सरकारी बंदी आली, तेव्हा त्याच तमाशातून त्यांनी लोकनाट्य पुढे आणले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची छक्कड गिरणगावापासून खेड्यापर्यंत पोचली. 'फकिरा' १९५९ साली आली, १९६१ साली तिला राज्य पुरस्कार मिळाला आणि नंतर तिच्यावर चित्रपटही निघाला. 'वैजयंता' आणि 'वारणेचा वाघ' याही कादंबऱ्या पडद्यावर गेल्या. आंबेडकरी चळवळीनेही हेच केले. भीमराव कर्डकांचे जलसे ज्यांच्यापर्यंत विचार घेऊन गेले, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. आधी कान, मग अक्षर, हा आपला जुना क्रम आहे. मग आज पडद्याचेच वावडे कशाला?

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते पाहू. 'जय भीम' हा २०२१ सालचा तमिळ चित्रपट आपल्या बहुतेक पोरांनी पाहिला आहे. त्याची सुरुवात आठवा. तुरुंगातून सुटलेल्यांना दारातच जात विचारली जाते. काही जातींची माणसे बाजूला काढली जातात आणि न उकललेले गुन्हे त्यांच्या माथी मारायला पोलीस त्यांना पुन्हा घेऊन जातात. एवढाच प्रसंग दाखवा आणि चित्रपट थांबवा. मुलांना विचारा, गुन्हा कुणी केला हे ठरवायला जात का विचारली?

त्यानंतर 'फकिरा'तला हजेरीचा भाग मोठ्याने वाचा. मांग-महारांनी दिवसातून तीन वेळा चावडीवर जाऊन हजेरी द्यायची. कामावर जायचे नाही, पाहुण्याकडे मुक्काम करायचा नाही. काही केले नसतानाही गुन्हेगार. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. कायदा गेला, पण संशय गेला नाही. हे पोरांना भाषणातून सांगावे लागणार नाही. पडदा आणि पान शेजारी ठेवले की त्यांचे त्यांनाच दिसेल.

पण इथे थांबलो तर काम अर्धेच राहील. सिनेमा हे दार आहे, घर नव्हे. 'जय भीम'मध्ये न्याय मिळवून देणारा नायक वकील आहे. तो आदराला पात्र आहे, कायद्याची लढाई हा बाबासाहेबांचाच मार्ग आहे. तरीही पीडित माणसे तिथे बरीचशी वाट पाहणारी आहेत. 'फकिरा'त वाट पाहणारे कुणी नाही. दुष्काळात माणसे मरू लागतात तेव्हा फकिरा आणि त्याचे साथी धान्य लुटून उपाशी माणसांना जगवतात, पुढे सरकारी खजिन्यावर हात टाकतात. शेवटी आपल्या माणसांना सरकारने ओलीस धरले म्हणून फकिरा स्वतः हजर होतो. सोडवणारा बाहेरून येत नाही, तो वस्तीतच जन्मतो. हा फरक मुलांच्या लक्षात आला, की ती पुढचे पान स्वतः उलटतील.

आम्हाला ही निकड वाटते त्याला आणखी एक कारण आहे. न वाचलेला लेखक कुणीही पळवू शकतो. अण्णा भाऊंना एका जातीपुरते कोंडून मातंग आणि बौद्ध समाजात भिंत उभी करण्याचे राजकारण आपण रोज पाहतो. त्या राजकारणाला उत्तर कादंबरीच्या पहिल्याच पानावर आहे. 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटनही अण्णा भाऊंनीच केले होते. ज्याने ते पान पाहिले आहे, त्याला भडकवणे अवघड जाते.

म्हणून येत्या जयंतीला डीजेच्या खर्चातून 'फकिरा'च्या वीस प्रती घ्या. विहारात किंवा समाजमंदिरात चार संध्याकाळी बसा. रोज दहा मिनिटे पडदा आणि तासभर वाचन. शेवटच्या दिवशी मुलांना रील करू द्या, पोवाडा रचू द्या, नाटुकले बसवू द्या. अट एकच ठेवा: प्रसंग पुस्तकातला हवा आणि तो कोणत्या पानावर आहे हे सांगता आले पाहिजे.

बॅनर दुसऱ्या दिवशी उतरतो. वाचलेले पान पोरांकडे राहते.

जय भीम!