पार्किन्सन्सच्या रुग्णांची झोप : आधी कारण शोधा, मग गोळी

बख्शी का तालाब (लखनौ) : पार्किन्सन्स अर्थात कंपवात म्हणजे हातापायांचा कंप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मात्र या आजाराचे वर्णन करणारे ब्रिटिश वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मधील आपल्या निबंधातच रुग्णांच्या विस्कळीत झोपेची नोंद केली होती. तरीही ज्येष्ठ रुग्णाची ही तक्रार ‘वयोमानाने असे होतेच’ म्हणून सोडून दिली जाते किंवा परस्पर झोपेची गोळी दिली जाते. हे दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत. कारण झोप मोडण्याची कारणे अनेक असून प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

झोप का मोडते?

मेंदूतील डोपामाइन हे रसायन कमी झाल्याने हा आजार होतो. ते भरून काढणाऱ्या लेव्होडोपाचा प्रभाव रात्री ओसरला की शरीर ताठरते आणि कूस बदलणेही कठीण होते. वारंवार लघवीला उठावे लागणे, पायांची अस्वस्थता, घोरताना श्वास अडणे, नैराश्य व चिंता हीदेखील प्रमुख कारणे आहेत.

काही रुग्ण झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात. स्वप्न पाहताना स्नायू सामान्यतः शिथिल राहतात. ही यंत्रणा बिघडल्यास रुग्ण स्वप्नातील हालचाली प्रत्यक्ष करू लागतो. हा विकार कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीही दिसू शकतो. त्याला बाहेरची बाधा समजून वेळ दवडू नये.

औषधांबाबत दक्षता

सेलेजिलीन व अमँटाडिन ही औषधे सायंकाळी घेतल्यास झोप उडू शकते. त्यांची वेळ बदलण्याबाबत डॉक्टरांना विचारावे. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांमुळे दिवसा अचानक डुलकी लागू शकते. अशा रुग्णांनी वाहन चालवू नये. रात्रीच्या ताठरपणावर दीर्घकाळ परिणाम करणारे लेव्होडोपा, तर स्वप्नातील हालचालींवर मेलाटोनिन उपयुक्त ठरू शकते. क्लोनाझेपाममुळे वृद्धांचा तोल जाण्याचा व श्वासाचा अडथळा वाढण्याचा धोका असतो. लेव्होडोपा अचानक बंद करणे तर जिवावर बेतू शकते.

घरी काय करावे?

झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी. सकाळी ऊन अंगावर घ्यावे आणि झेपेल तेवढा व्यायाम करावा. दुपारची झोप अर्ध्या तासापुरती ठेवावी. सायंकाळनंतर चहा टाळावा. दिवसभर पुरेसे पाणी पिऊन झोपण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत ते कमी करावे.

सॅटिनसारख्या गुळगुळीत चादरीवर कूस बदलणे सोपे जाते. पलंग फार उंच नसावा. शौचालयाच्या वाटेवर मंद दिवा असावा किंवा पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवावे. उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे. कारण या आजारात उभे राहताच रक्तदाब घसरून रुग्ण कोसळू शकतो. झोपेत हातपाय झाडणाऱ्या रुग्णाजवळ टोकदार किंवा काचेच्या वस्तू ठेवू नयेत.

नोंदवहीचे महत्त्व

बख्शी का तालाब हा लखनौच्या उत्तरेस सीतापूर मार्गावरील भाग. मेंदूविकार विभाग असलेले किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ शहराच्या जुन्या भागात, तर संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था दक्षिणेकडे रायबरेली मार्गावर आहे. येथील वृद्ध रुग्णाला तिथवर जाण्यासाठी अख्खे शहर ओलांडावे लागते. महाराष्ट्रातील अनेक तालुक्यांतही तज्ज्ञ असेच दूर आहेत. त्यामुळे तपासणीच्या मोजक्या मिनिटांत नेमकी माहिती देणे मोलाचे ठरते.

यासाठी भेटीपूर्वी दोन आठवडे नोंद ठेवावी : रुग्ण केव्हा झोपला, किती वेळा व कशामुळे उठला, कोणती गोळी किती वाजता घेतली, झोपेत ओरडला का, दिवसा किती डुलक्या घेतल्या. झोपेतील हालचालींचे मोबाइल चित्रीकरणही निदानास साह्यभूत ठरते. प्रत्यक्ष जाणे शक्य नसल्यास केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेद्वारे डॉक्टरांचा विनामूल्य सल्ला घेता येतो.

रुग्णासोबत जागणाऱ्या जोडीदाराचीही झोप मोडते, हे कुटुंबीयांनी ध्यानात घ्यावे. रात्रीची जबाबदारी आळीपाळीने वाटून घेणे हाही उपचाराचाच भाग आहे.