मालवण किनाऱ्यावरील वास्तूंची नोंद : दप्तर, बोली आणि स्वयंसेवक

कोणत्याही वास्तूचा इतिहास प्रत्यक्षात त्या वास्तूच्या नोंदीचा इतिहास असतो. वास्तू उभी असली तरी तिच्याविषयी काय विचारले गेले, कोणी विचारले आणि कोणत्या प्रयोजनाने लिहून ठेवले, यांवरच पुढच्या पिढीचे ज्ञान अवलंबून राहते. मालवणच्या किनाऱ्यावर ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसून येते. येथील एका जलदुर्गाविषयी विपुल लेखन झाले. परंतु त्याच्या समोरच्या गावातील घरे, बावी, गडगे, पाखाड्या आणि सड्यावरील कोरीव चित्रे यांची दखल दप्तरांनी क्वचितच घेतली. ही उणीव अलीकडच्या काळात ज्यांनी अंशतः भरून काढली, ते बहुतांशी कोणाच्याही नेमणुकीवाचून काम करणारे लोक होते. त्यांच्या नोंदीचे मोल काय आणि तिला शास्त्रीय प्रतिष्ठा कशी लाभेल, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न होय.

१. दप्तराची दृष्टी

सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा आरंभ २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर झाला आणि सुमारे तीन वर्षांत ते पूर्ण झाले. या बांधकामाचे जे सविस्तर वर्णन सर्वपरिचित आहे ते प्रामुख्याने चित्रगुप्ताच्या बखरीवर आधारलेले असून ती बखर उत्तरकालीन आहे. पायात ओतलेल्या शिशाची हकीकत तिच्याच द्वारे लोकमानसात रुजली. १७६५ मध्ये हा किल्ला इंग्रजांनी घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. तथापि पुढच्याच वर्षी तो करवीरकरांकडे परत गेला, आणि अखेर १८१२ च्या तहाने मालवणसह तो इंग्रजी अंमलाखाली आला. यानंतरची नोंद ही मुख्यतः कंपनीच्या व पुढे मुंबई सरकारच्या दप्तरातील आहे.

१८६२ मध्ये मुंबई सरकारने किल्ल्यांची एक यादी सिद्ध केली आणि १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी व सावंतवाडीच्या गॅझेटिअरने तिचा भरपूर उपयोग केला. या नोंदींत तटाची उंची २९ ते ३० फूट, जाडी सरासरी १२ फूट आणि बुरूज सुमारे ३२ असे आकडे आढळतात. प्रश्न उघडच लष्करी आहेत : तट किती उंच, पाणी पुरेसे आहे काय, तोफा किती, शिबंदी आहे की नाही. किल्ल्यातील वस्तीत कोण राहत होते, तेथील घरांची मांडणी कशी होती, विहिरींना लोक कोणत्या नावाने हाक मारीत, हे विचारण्याचे सरकारास प्रयोजन नव्हते. म्हणून त्याची उत्तरेही दप्तरात नाहीत.

ज्या आकड्यांची दप्तराने नोंद केली तेही सर्वस्वी निर्विवाद नाहीत. आज सिंधुदुर्गाच्या बुरुजांची संख्या सर्वसाधारणपणे ४२ अशी सांगितली जाते. गॅझेटिअर ३२ च्या आसपास सांगते. या तफावतीवरून एका पक्षास खोटे ठरविण्याची घाई करण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गाचा तट नागमोडी आहे. त्याच्या प्रत्येक वळणावरील फुगवट्यास बुरूज म्हणावयाचे, की केवळ तोफेसाठी मुद्दाम पुढे काढलेल्या भागासच ती संज्ञा द्यावयाची, हे आधी ठरल्यावाचून मोजणीस अर्थ राहत नाही. मोजणाऱ्याने संज्ञेची व्याख्या लिहून ठेवली नाही, तर पुढच्या अभ्यासकास केवळ दोन संख्या मिळतात; त्यांतील संबंध मिळत नाही.

यात राज्यकारभाराच्या बदलत्या सीमांची भर पडते. मालवण प्रथम करवीर राज्याचे, मग इंग्रजी मुलखाचे. जवळचाच प्रदेश १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानाचा. आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण होईपर्यंत हा सारा भाग रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता. त्यामुळे एकाच गावाविषयीची कागदपत्रे निरनिराळ्या ठिकाणी विखुरली गेली, आणि जिल्ह्याच्या आजच्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती फारच थोडे लागते.

२. बोलीची नोंद

दप्तरात जे नाही ते पुष्कळदा बोलीत असते. सिंधुदुर्गातील गोड्या पाण्याच्या विहिरींची नावे दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशी आहेत. संस्कृत ‘वापी’, प्राकृत ‘वावी’ या परंपरेतील ‘बाव’ हा शब्द देशावरील प्रमाण मराठीत मागे पडला. दक्षिण कोकणात तो व्यवहारात राहिला. देवगड तालुक्यात ‘दहीबाव’ नावाचे गावही आहे. सरकारी तक्त्यात या तिन्ही बावी ‘विहीर : तीन’ एवढ्याने संपतात. परंतु खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर गोड्या पाण्याचे अप्रूप केवढे होते, हे ज्या समाजाने ही नावे ठेवली त्याने त्या नावांतच लिहून ठेवले आहे.

घराच्या बाबतीत हे अधिकच जाणवते. मालवणी घरासमोरील मोकळ्या जागेस ‘खळे’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘खल’ म्हणजे धान्य मळण्याची जागा यापासून आलेला आहे. नोंद करणाऱ्याने त्याऐवजी ‘अंगण’ असे लिहिले, की त्या जागेचा मूळ उपयोग, दरवर्षी ती चोपून सारवण्याची रीत आणि घराच्या मांडणीचा भातशेतीशी असलेला संबंध, या तिन्ही गोष्टी एका शब्दाबरोबर नाहीशा होतात. ‘गडगा’ म्हणजे चुना-मातीवाचून केवळ दगडावर दगड रचून उभारलेली बांधाची भिंत. तिला ‘कुंपण’ म्हटले तर बांधणीची पद्धतच नोंदीबाहेर राहते. ‘मांगर’, ‘पडवी’, ‘ओटी’, ‘पाखाडी’ या शब्दांविषयीही हेच म्हणता येईल. तात्पर्य, वास्तूच्या अंगांची स्थानिक नावे ही वर्णनाची सजावट नव्हे. ती वर्णनाचा गाभा होत.

मालवणच्या किनाऱ्यावरील ‘मोरयाचा धोंडा’ हे याचे आणखी एक उदाहरण. खडकावर गणेश, सूर्य, चंद्र इत्यादी आकृती कोरलेल्या असून सिंधुदुर्गाच्या पायाभरणीचे पूजन येथे झाले अशी परंपरा आहे. तेथे भिंत नाही, छप्पर नाही. बांधकामांच्या यादीत त्यास जागा मिळण्याचा संभव नव्हता. ते स्थान ओळखीचे राहिले ते त्याच्या नावामुळे आणि लोकांच्या पूजेमुळे.

अर्थात बोलीतील परंपरा म्हणजे सिद्ध इतिहास नव्हे. ती शोधाची दिशा दाखविते. निर्णय मोजमापाने करावयाचा असतो. विजयदुर्गाजवळ समुद्रात बुडालेली भिंत असून तिच्यावर आदळून शत्रूची गलबते फुटत, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात असे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्याखाली शोध घेतला, तेव्हा सुमारे १२२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशी रचना त्यांनी मोजली. तिच्या कार्याविषयी व काळाविषयी चर्चेस वाव राहिला. पण ती चर्चा आता ऐकीव गोष्टीवर न होता मापांच्या आधारे होऊ लागली. शोधाची जागा मात्र कोळ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या सांगण्यानेच ज्ञात होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

३. स्वयंसेवकांचे कार्य

महाराष्ट्रात इतिहाससाधनांचा संग्रह हा आरंभापासूनच बव्हंशी बिनसरकारी उद्योग आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली, आणि ७ जुलै १९१० रोजी पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हे अशाच कष्टांचे फळ होय. तथापि या परंपरेचा भर कागदावर होता. गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गप्रेमींनी पुढे गडांकडे लोकांचे लक्ष वळविले. परंतु सामान्य घर, बाव किंवा सडा हा स्वतंत्र नोंदीचा विषय आहे ही जाणीव त्यानंतरची आहे.

ती जाणीव कोकणात ठळकपणे प्रकट झाली ती कातळशिल्पांच्या शोधातून. कातळशिल्पे म्हणजे वास्तू नव्हेत. तरी वास्तूंच्या नोंदीचा विचार त्यांना वगळून करता येत नाही. त्याचे कारण दगडात आहे. मालवणी घराचा चिरा ज्या जांभ्यातून निघतो, त्याच जांभ्याच्या उघड्या सड्यावर ही चित्रे कोरलेली आहेत. चिऱ्याची खाण पुढे सरकली की चित्र नाहीसे होते. म्हणजे एका काळाची वास्तू दुसऱ्या काळाच्या अवशेषातून उभी राहते. मालवण तालुक्यातील हिवाळे येथील चित्रे २००१ मध्ये आणि कुडोपी येथील चित्रे २०१२ मध्ये सतीश लळीत यांनी अभ्यासकांच्या निदर्शनास आणली. कुडोपीच्या त्या जागेस गावकरी ‘बाहुल्यांचे टेंब’ म्हणतात. विद्वानांस जे नव्याने कळले ते गावाच्या भाषेत स्थलनामाच्या रूपाने आधीच नोंदलेले होते.

रत्नागिरी जिल्ह्यात निसर्गयात्री संस्थेचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी हेच कार्य व्यापक प्रमाणावर केले. त्यांची पद्धती साधी होती : सडे पायांखाली घालावयाचे, गुराख्यांस व वृद्धांस विचारावयाचे, शाळांतील मुलांस सहभागी करून घ्यावयाचे, आणि सापडलेल्या प्रत्येक चित्राचे स्थान व माप लिहून ठेवावयाचे. आरंभी मोजक्याच गावांत ज्ञात असलेली ही चित्रे त्यामुळे पन्नासाहून अधिक गावांत असल्याचे दिसून आले. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने त्यांची दखल घेतली आणि २०२२ मध्ये कोकणातील नऊ स्थळांचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाला. त्यांतील सात स्थळे रत्नागिरी जिल्ह्यातील, एक गोव्यातील फणसायमाळ आणि एक कुडोपी होय. चित्रांच्या काळाविषयी मतभेद आहेत. पण मतभेदास विषय उपलब्ध झाला तो या नोंदीमुळे. नोंद नसलेल्या सड्यावरील खाणीस हरकत घेण्यास कोणापाशी कोणताच आधार नसतो.

जलसंचयाच्या बाबतीत धामापूरच्या तलावाचे उदाहरण याच तालुक्यातील आहे. १५३० मध्ये बांधला गेला असे मानल्या जाणाऱ्या या तलावास २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता दिली. तसेच ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ले जागतिक वारसा यादीत दाखल झाले. त्यांत सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे या जिल्ह्यातील दोन आहेत. या मानाबरोबर एक विसंगतीही दृष्टीस पडते. सिंधुदुर्गाच्या रक्षणव्यवस्थेचे घटक असलेले पद्मगड, राजकोट व सर्जेकोट त्या यादीत नाहीत. मुख्य दुर्गाचे नकाशे सिद्ध होत असता त्याचे हे सोबती कागदावर अपुरेच राहिले आहेत.

अन्य देशांचा अनुभव येथे उपयुक्त ठरेल. स्कॉटलंडमध्ये प्राचीन वास्तूंच्या नोंदीसाठी राजकीय आयोग १९०८ मध्येच नेमला गेला होता. तरीही त्या आयोगास ओसाड पडलेल्या ग्रामीण वस्त्यांची नोंद करण्यासाठी २००६ ते २०११ या काळात गावोगावच्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यावे लागले. आणि २०१७ ते २०२१ या काळात तेथील प्रस्तरचित्रांची नोंदही अशाच प्रशिक्षित गटांच्या साहाय्याने झाली. शतकभर चाललेल्या संपन्न सरकारी संस्थेसही जे एकटीने साधले नाही, ते आपल्याकडील अपुऱ्या मनुष्यबळाच्या विभागांकडून अपेक्षिणे व्यवहार्य नव्हे. फरक एवढाच, की तेथे स्वयंसेवकांना नोंदीचा नमुना आधी मिळाला. कोकणात तो त्यांनी स्वतःच घडविला.

४. नोंदीचे निकष

स्वयंसेवकांच्या नोंदीत दोषही संभवतात. प्रत्येक जुन्या बावीचा संबंध शिवकाळाशी जोडण्याचा मोह होतो. सांगणाऱ्याचे शब्द प्रमाण भाषेत ‘सुधारून’ लिहिले जातात. छायाचित्र स्पष्ट यावे म्हणून कोरीव रेषांत खडू किंवा रंग भरला जातो आणि मूळ पृष्ठभागास इजा पोहोचते. यावर उपाय उत्साह आवरण्याचा नसून त्यास शिस्त लावण्याचा आहे.

घराच्या काळनिर्णयाचे एक उदाहरण घेता येईल. मंगळूर येथे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. तेव्हा कारखान्याची मुद्रा असलेले मंगळुरी कौल एखाद्या घरावर आढळल्यास ते छप्पर त्या वर्षानंतरचे, एवढेच सिद्ध होते. खालच्या चिरेबंदी भिंती त्याहून जुन्या असू शकतात. छप्पर, भिंती व जोते यांची नोंद वेगवेगळी केली नाही, तर घराचे वय म्हणून केवळ कौलाचे वय लिहिले जाईल.

यावरून नोंदीसाठी पुढील गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली, स्थान व माप. तेही कोणत्या दिवशी व कोणत्या साधनाने घेतले यासह. दुसरी, प्रत्येक अंगाचे स्थानिक नाव, ते ज्या उच्चारात ऐकले त्या उच्चारात, आणि वापरलेल्या संज्ञेची व्याख्या. तिसरी, पाहिलेले व ऐकलेले यांची स्पष्ट विभागणी. चौथी, नोंदीची एक प्रत गावात आणि दुसरी सार्वजनिक संग्रहात. पहिली गोष्ट स्थापत्याच्या जाणकारास शिकविता येईल. दुसरी व तिसरी ही भाषाभ्यासकाची कामे आहेत. म्हणूनच हा विषय केवळ पुरातत्त्व विभागाचा नसून विद्यापीठांतील मराठी व भाषाविज्ञान विभागांचाही आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका वाडीतील दहा घरांची अशा रीतीने नोंद केली, तर तिचे मोल एखाद्या प्रबंधिकेहून कमी ठरणार नाही.

जांभ्याचा चिरा टिकाऊ आहे. पडके घर काही पावसाळे तग धरते. परंतु खळे का म्हणतात, गडगा कसा रचतात, टेंबावरच्या त्या बाहुल्या कोणत्या, हे सांगणारी पिढी तितका काळ थांबणार नाही. घराच्या जागी नवे बांधकाम उभे राहिल्यावर जुन्या घराचे माप आठवणीने कदाचित सांगता येईल. त्याच्या अंगोपांगांची नावे मात्र जेथे ती अंगे उरली नाहीत तेथे फार काळ बोलली जात नाहीत. या किनाऱ्यावरील नोंदीचे काम त्वरेने व्हावयास हवे ते याच कारणास्तव.