कामाचें लिहिणें

महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास गणित येतें, यंत्र कळतें. परंतु त्या यंत्राविषयीं चार ओळी दुसऱ्यास समजतील अशा लिहावयास त्यास कोण शिकवितो? या प्रश्नास मोठा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा आमच्या मालवण किनाऱ्याशीं जोडलेला आहे.

कामाचें लेखन ही इंग्रजी अमदानींतील नवी वस्तु आहे असें कोणी समजूं नये. येथील कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या सालांत सिंधुदुर्ग उभा राहिला. मराठी आरमाराच्या अनुभवाचें सार पुढें, १७१६ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत उतरलें. जहाजांस लाकूड कोठून घ्यावें, हें तेथें सांगितलें आहे. आंबा-फणसाचीं झाडें रयतेनें वर्षानुवर्षें जपून वाढविलेलीं, म्हणून त्यांस हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण झालें असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊन मगच तोडावें. काय करावें, काय करूं नये आणि कां, हें सर्व एकाच ठिकाणीं आलें! मात्र ही विद्या दफ्तरांत, वडीलधाऱ्या कारकुनाच्या हाताखाली शिकावी लागे.

वर्गांत बसून ती शिकण्याचा आरंभ मुंबईस झाला. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं तेथें एंजिनिअरिंगचा वर्ग चालविला आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साह्यानें गणिताचीं पुस्तकें मराठींत करविलीं.

याच सुमारास देवगड तालुक्यांतील पोंभुर्ले गांवचा एक मुलगा मुंबईस विद्येसाठीं गेला. ते बाळशास्त्री जांभेकर. जन्म १८१२ चा. वयाच्या विसाव्या वर्षीं, ६ जानेवारी १८३२ रोजीं, त्यांनीं 'दर्पण' काढलें. त्याच्या पानावर एका स्तंभांत इंग्रजी, तर दुसऱ्यांत मराठी मजकूर असे. एकच गोष्ट दोन भाषांत शेजारीं शेजारीं मांडावयाची म्हटल्यावर मोघमपणास जागा उरत नाहीं. पुढें १८३४ त ते एल्फिन्स्टनमध्यें अध्यापक झाले. १८४० त त्यांनीं 'दिग्दर्शन' हें मासिक काढून पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल हे विषय नकाशे व आकृति देऊन मराठींत मांडले. १८४५ त शिक्षक तयार करण्याचा वर्ग त्यांच्याकडे आला. १८४६ त, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. परंतु त्यांच्या सहवासांत वाढलेल्या भाऊ महाजनांनीं १८४१ तच 'प्रभाकर' सुरू केलें होतें. शिकविणारा स्वतः लिहिता असला म्हणजे शिकणारेही लिहूं लागतात, तें असें.

१८५७ त मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें आणि उच्च शिक्षण इंग्रजींत स्थिरावलें. त्यानें जगाचें ज्ञान आलें, हें मी कृतज्ञतेनें मान्य करतों. पण जांभेकरांच्या स्तंभांपैकीं मराठीचा स्तंभ महाविद्यालयांत रिकामा राहिला.

त्याचा परिणाम मीं डोळ्यांनीं पाहिला. माझा एक जुना विद्यार्थी एंजिनिअर होऊन आला. धक्क्याच्या दुरुस्तीविषयीं त्यानें लिहिलेला इंग्रजी अहवाल नेटका होता. त्यावरून केलेली मराठी सूचना मात्र मलाही दोनदां वाचावी लागली. जवळ उभा असलेला तांडेल म्हणाला, "गुरुजी, तां सगळां ऱ्हवांदे, होडी खंय बांधूची तां सांगा." मुलगा खजील झाला, पण तेथेंच बसून त्यानें पुन्हा लिहिलें. काम कोणत्या तारखेपासून, धक्क्याची कोणती बाजू बंद, होड्या कोठें लावाव्या. तीन ओळी झाल्या. तांडेल मान डोलावून निघून गेला.

खजील तर मीही झालों. त्या मुलास शाळेंत निबंध मींच शिकविला होता. वर्षाऋतूचें वर्णन त्याच्याकडून दहा वेळां लिहून घेतलें, सूचना एकदांही नाहीं.

२०२१ पासून कांहीं महाविद्यालयांत एंजिनिअरिंग मराठींतून शिकण्याची सोय झाली आहे. पुस्तकें निघतील, परिभाषाही होईल. त्या वर्गांतील प्रत्येक मुलास वर्षांतून एकदां तरी आपलें लिहिणें अशा एखाद्या तांडेलास वाचून दाखवावयास लावावें, एवढीच या म्हाताऱ्या शिक्षकाची विनंति आहे. त्यानें होडी योग्य जागीं बांधली, म्हणजे विद्यार्थी उत्तीर्ण झाला असें समजावें.