माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरचा घरगुती फाइल सर्व्हर: काय जुनं चालतं, काय नवंच घ्यावं?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. ज्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, असे कितीतरी धडधाकट कॉम्प्युटर त्यामुळे अडगळीत गेले. त्याआधी १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवणही संपली होती. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबीच फुकट मिळतात. म्हणजे एकीकडे माळ्यावर धूळ खात पडलेला कॉम्प्युटर आणि दुसरीकडे फोनवर सारखा येणारा 'स्टोरेज फुल'चा मेसेज. या दोन्हींवर एक जोडउपाय आहे: घरचा फाइल सर्व्हर.

फाइल सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

घरातलं सामाईक कपाट म्हणा ना! एक कॉम्प्युटर लॅन केबलने राउटरला जोडून कोपऱ्यात ठेवायचा. त्याला मॉनिटर, कीबोर्ड, माउस लागत नाही. त्याच्या हार्ड डिस्कवरचे फोल्डर घरातल्या सगळ्या फोन, लॅपटॉप आणि टीव्हीवर वायफायमधून दिसतात. बाजारात याच कामासाठी तयार मिळणाऱ्या पेटीला 'नॅस' म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज म्हणतात.

विंडोज ज्या पद्धतीने नेटवर्कवर फाइल देतं-घेतं तिचं नाव एसएमबी. ऑस्ट्रेलियातले प्रोग्रामर अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास ही पद्धत इतर प्रकारच्या कॉम्प्युटरवर आणणारं मोफत सॉफ्टवेअर लिहिलं. नाव ठेवताना त्यांनी एस, एम आणि बी ही अक्षरं असलेले शब्द कॉम्प्युटरवरच्या शब्दयादीत शोधले आणि 'सांबा' हाती लागलं! आजही बहुतेक घरगुती सर्व्हर सांबावरच चालतात. आयफोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्येही २०१९ पासून एसएमबी सर्व्हर जोडता येतो.

जुन्यातलं काय चालतं?

प्रोसेसर: फाइल इकडून तिकडे देणं हे हलकं काम आहे. ६४-बिट आणि दोन कोअरचा कुठलाही प्रोसेसर पुरतो. २०११-१२ च्या काळातला कोअर आय-३ तर आरामात चालतो.

रॅम: साध्या सर्व्हरला ४ जीबी पुष्कळ झाली. सॉफ्टवेअर ट्रूनॅस असेल तर किमान ८ जीबी लागते. जुन्या प्रकारची रॅम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सेकंडहँड मिळते.

लॅन पोर्ट: वेग इथे ठरतो. गिगाबिट पोर्टवरून सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात, १०० एमबिटच्या पोर्टवरून जेमतेम ११. म्हणजे ५० जीबी फोटो चढवायला पहिल्यात ८ मिनिटं, तर दुसऱ्यात सव्वा तास. राउटर आणि केबलही गिगाबिटची असावी, नाहीतर सगळं सर्वात हळू भागाच्याच वेगाने चालतं.

मदरबोर्ड आणि कॅबिनेट: धूळ झाडून पंखे फिरतात का ते पाहावं. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल बदलून टाकावा, तो संपला की तारीख-वेळ चुकते आणि बायोसची सेटिंग पुसली जातात.

जुना लॅपटॉपही चालतो. वीज गेली की त्याची बॅटरीच यूपीएसचं काम करते. मात्र बॅटरी फुगलेली असेल तर ती काढून टाकावी, चोवीस तास चार्जिंगला ठेवणं धोक्याचं.

काय नवंच घ्यावं?

दोन गोष्टी: हार्ड डिस्क आणि एसएमपीएस.

बाकीचा कुठलाही भाग बंद पडला तर दुसरा आणून बसवता येतो. डिस्क गेली तर तिच्यावरचं लग्न, बारसं, आजी-आजोबांचे फोटो सगळंच जातं. जुन्या डिस्कची तब्येत 'स्मार्ट' नावाच्या नोंदींत कळते आणि सर्व्हरची सॉफ्टवेअर ती दाखवतात. त्यात क्रमांक ५ (बदललेले सेक्टर) आणि १९७ (वाचायला अडणारे सेक्टर) यांच्यापुढच्या मूळ आकड्यांचा रकाना शून्य हवा. आकडा वाढत असेल तर ती डिस्क एकमेव प्रतीसाठी मुळीच वापरू नये. पण शून्य म्हणजे हमी नव्हे, काही डिस्क कुठलीही सूचना न देता जातात.

एसएमपीएस म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारी पेटी. ती बिघडून चुकीचा व्होल्टेज गेला तर सगळ्या डिस्क एकदमच जळू शकतात. पावसाळ्यात वीज वारंवार जाते-येते, त्या भागांत छोटा यूपीएसही जोडावा.

उभारणी कशी करतात?

ओपनमीडियाव्हॉल्ट आणि ट्रूनॅस ही दोन नावं जास्त प्रचलित आहेत. दोन्ही फुकट मिळतात. जुन्या, कमी ताकदीच्या मशीनला पहिलं बरं.

१. जुन्या डिस्कवरचा सगळा डेटा आधी दुसरीकडे उतरवून घ्यावा. इन्स्टॉल करताना निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते. शंका नको म्हणून त्या वेळी बाकीच्या डिस्कची केबल काढून ठेवावी.
२. सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन ते एका छोट्या एसएसडीवर बसवावं. मोठी डिस्क फक्त डेटासाठी ठेवावी.
३. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याचं सेटिंग चालू करावं.
४. मॉनिटर काढून टाकावा. पुढचं काम दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता टाकून होतं. हा पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये राखून ठेवावा.
५. सुरुवातीचा पासवर्ड लगेच बदलावा. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं काढावं, सामाईक फोल्डर बनवावेत आणि कोणाला फक्त पाहता येईल, कोणाला बदलता येईल हे ठरवावं.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

दोन डिस्कवर एकाच वेळी तीच माहिती लिहिण्याची सोय 'रेड' नावाच्या पद्धतीत असते. बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात रेडची कल्पना मांडली. एक डिस्क मेली तरी दुसरीवर काम चालू राहतं, हा तिचा फायदा. पण कोणी चुकून फोल्डर डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. व्हायरस, चोरी, आग, पाणी यांपुढेही रेडचा उपयोग नाही.

म्हणून ३-२-१ चा नियम सांगितला जातो: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. घरगुती पातळीवर एक प्रत लॅपटॉप किंवा फोनवर, दुसरी सर्व्हरवर आणि तिसरी यूएसबी डिस्कवर. ही तिसरी डिस्क महिन्यातून एकदा भरून नातेवाइकांकडे ठेवली तरी चालते.

वीजबिल किती?

जुना डेस्कटॉप नुसता चालू असताना सुमारे ५० वॉट घेतो असं धरलं, तर चोवीस तासांत १.२ युनिट आणि महिन्याला ३६ युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले तर महिना २८८ रुपये, वर्षाला साधारण साडेतीन हजार. रोज दहाच तास चालू ठेवला तर महिन्याला १५ युनिट, म्हणजे १२० रुपये. ग्राफिक्स कार्डाची गरज नसेल तर ते काढल्यानेही बिल कमी होतं. लॅपटॉप याहून बराच कमी वीज खातो.

बाहेरून फाइल पाहायच्या असतील तर?

एसएमबीचा पोर्ट राउटरमधून इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नये. मे २०१७ मध्ये जगभर कॉम्प्युटर लॉक करून खंडणी मागणारा वॉनाक्राय विंडोजच्या एसएमबीमधल्या दोषातूनच पसरला होता. बाहेरून जोडायचं असेल तर वायरगार्डसारखा व्हीपीएन वापरावा आणि सर्व्हरचे अपडेट वेळच्या वेळी करावेत.

भरवसा कधी ठेवावा?

सर्व्हर चालू झाला की लगेच फोनमधले फोटो पुसू नयेत. आधी बॅकअपच्या डिस्कवरून एक फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत उतरवून पाहावा, त्यातले फोटो आणि व्हिडिओ उघडतात का ते तपासावं. ही चाचणी दर दोन-तीन महिन्यांनी करावी. फोनमधली जागा त्यानंतरच मोकळी करावी, आणि तेव्हाही प्रती तीनच राहतील याची सोय आधी करावी.